साल ते सलाईन

आमच्या अकोले तालुक्यात पूर्वी घरोघरी औषधांचं एक फडताळ असायचं आणि त्यातली निम्मी औषधं म्हणजे झाडांच्या साली. हगवणीला कुड्याची, घसा धरला की बाभळीच्या सालीच्या काढ्याच्या गुळण्या, तोंड आलं की उंबराची, छातीत धडधडतंय म्हणणाऱ्या आजोबांना अर्जुनसादड्याची साल दुधात उकळून. आजीची सहाण मधोमध खोलगट झाली होती ती याच उगाळण्यानं. विकतची साल घरात एकच यायची, दालचिनी, आणि ती मसाल्याच्या डब्यात जायची. आणखी एक विकतची साल होती, पण ती साल आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आजोबांच्या लहानपणी हिवतापावर पोस्टात कोयनेलच्या पुड्या मिळायच्या म्हणे. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून काढलेलं ते कडूजहर औषध. त्याची चव सांगताना साठ वर्षांनंतरही आजोबांचं तोंड वाकडं व्हायचं.

त्या फडताळात कॅन्सरवर काहीच नव्हतं. असणार तरी कसं? त्या रोगाचं नाव घेण्याचीच पद्धत नव्हती. ‘तिला गाठीचं दुखणं झालंय’ एवढं बायका हळू आवाजात म्हणायच्या आणि समोरची समजायची. पुरुषांच्या बाबतीत ‘तोंडाला झालंय’ म्हटलं की पुरे. आमच्याकडच्या निम्म्या बाया तेव्हा सकाळ-दुपार मिश्री लावायच्या, आजीसुद्धा. तव्यावर जाळलेल्या तंबाखूचा तो वास मला अजून आवडतो हे लिहायला लाज वाटते, पण आवडतो. त्या मिश्रीचा आणि ‘तोंडाला होण्या’चा काही संबंध आहे असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आत्याच्या छातीत गाठ निघाली ती १९७८च्या आसपास. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिनं ती लपवली. दुखत असती तर लवकर बोलली असती. आजीच्या लक्षात आलं तेव्हा तिनं रक्तचंदन उगाळून लेप घातला. लेपानं काही झालं नाही हे कळायला एक पावसाळा गेला. मग गावच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि बाहेर येऊन वडिलांना सांगितलं, ‘टाटाला न्या.’ त्या काळात आमच्याकडे हे दोन शब्द ऐकले की घरातल्या बायका रडायला लागायच्या. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासून चालू होतं, हजारोंना बरं करून घरी पाठवत होतं, पण आमच्या भागातून माणूस तिथं पोचायचा तोच मुळी उशिरा. साहजिकच परत येणारे थोडे. हॉस्पिटलचं नावच मग अशुभ ठरलं. हा न्याय उलटा होता, पण तेव्हा तोच चालायचा.

राजूर-घोटीवरून कसाऱ्यापर्यंत एसटी, पुढं लोकल. आत्याला खिडकीची जागा मिळावी म्हणून वडील गर्दीत आधी घुसायचे. मुंबईत उतरायचं कुठं, हा प्रश्न मात्र आला नाही. लालबागच्या चाळीत गावचे एक गिरणी कामगार राहायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो, नातं काही नव्हतं. दहा बाय बाराची खोली, त्यात त्यांची पाच माणसं आणि आमची दोन. काका रात्रपाळी मागून घ्यायचे, म्हणजे रात्री एक वळकटी मोकळी व्हायची. काकू सकाळी मिलचा डबा भरायच्या तसा हॉस्पिटलचा डबा भरायच्या. अकोले, संगमनेर, पारनेर, जुन्नर, या सगळ्या भागांची मुंबईतली धर्मशाळा म्हणजे गिरणगाव होतं. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला आणि ती धर्मशाळाही हळूहळू बंद पडली. काका गावी परत आले. पुढच्या पेशंटांनी परळच्या फुटपाथवर पथाऱ्या टाकल्या. संपावर इतकं लिहिलं गेलं, पण गिरणगाव उठल्यावर नगर-पुण्याकडच्या आजारी माणसांची मुंबईतली पथारी गेली, हे कुणी नोंदवलेलं माझ्या वाचनात नाही.

आत्याचं ऑपरेशन झालं. मग ‘लाईट’ दिली, म्हणजे रेडिएशन. मग काही इंजेक्शनं. त्या इंजेक्शनांनंतरच्या उलट्या आईनं इतक्या वेळा वर्णन केल्यात की त्या मी पाहिल्यासारख्याच वाटतात. आज केमोआधी उलटीसाठी जे औषध सहज देतात ते ऑन्डान्सेट्रॉन वापरात आलं १९९० नंतर. तोवर पेशंटनं लिंबू हुंगायचं आणि नातेवाइकांनी पातेलं धरायचं. दोन वर्षांत आत्या गेली. चौकशीला येणाऱ्यांना आम्ही ‘कावीळ झाली’ असं सांगितलं.

आता गंमत पाहा, म्हणजे गंमत म्हणवत नाही. ज्या औषधानं पुढं अशा लाखो बायकांना वर्षं मिळवून दिली, ते औषध आत्या आजारी पडली तेव्हा सापडून चुकलेलं होतं. ऑगस्ट १९६२मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञानं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका जंगलात पॅसिफिक यू नावाच्या सूचिपर्णी झाडाची साल गोळा केली. तिकडच्या लाकूडतोड्यांच्या लेखी ते झाड म्हणजे कचरा. मोठी झाडं तोडताना मध्ये आलं की तोडून ढिगात जाळायचं. सरकारी मोहिमेत हजारो वनस्पती तपासल्या जात होत्या, त्यातली ही एक. साल नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये पोचली. तिथं मन्रो वॉल आणि त्यांचे सहकारी मनसुख वाणी यांनी तिच्यातला कॅन्सरच्या पेशी मारणारा अंश वेगळा काढला. नाव ठेवलं टॅक्सॉल. त्याची रेणूरचना १९७१ साली छापून आली. आज डॉक्टर ज्याला पॅक्लिटॅक्सेल म्हणतात ते हेच.

हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. जन्म १९२५चा, म्हणजे नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं तेव्हाचा. शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढं इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि १९६२मध्ये, बार्कलेनं साल तोडली त्याच वर्षी, त्या संस्थेत नोकरी. टॅक्सॉलच नव्हे, कॅम्प्टोथेसिन हे दुसरं कॅन्सरविरोधी द्रव्यही याच जोडीनं १९६६ साली जगापुढं आणलं. तेही झाडातलंच, एका चिनी झाडातलं. एकाच माणसाच्या हातून अशी दोन औषधं! एप्रिल २०२०मध्ये वाणी अमेरिकेत वारले. आपण सगळे तेव्हा लॉकडाऊनमध्ये दारं लावून बसलो होतो, ती बातमी निसटली असेल. तरीही नंदुरबारच्या या माणसाबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकात चार ओळी असायला काय हरकत होती, असं एक जुनी शिक्षिका म्हणून मला वाटत राहतं.

रचना कळली, पण औषध रखडलं. सुमारे बारा किलो वाळलेल्या सालीतून वॉल-वाणींना मिळालं होतं अर्धा ग्रॅम. एवढ्याशासाठी कोण झाडं सोलणार? शिवाय ते पाण्यात विरघळत नव्हतं. मग १९७९ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजात सुझन हॉर्विट्झ यांनी ते पेशीत नेमकं काय करतं हे दाखवलं. पेशी एकीच्या दोन होताना आत अतिसूक्ष्म नळ्यांची एक परांची उभी राहते आणि काम झालं की उतरते. पॅक्लिटॅक्सेल ती परांची उतरूच देत नाही. पेशी अर्धवट विभागलेल्या अवस्थेत अडकते आणि मरते. असं वागणारं औषध तोवर कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं सगळ्यांची नजर पुन्हा त्या सालीकडं वळली. हे १९७९. आत्या तेव्हा लालबागला त्या वळकटीवर होती. अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली डिसेंबर १९९२मध्ये आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी १९९४मध्ये. आत्याला जाऊन तोवर बराच काळ लोटला होता.

२०२४पर्यंत हे सगळं मला माहीत नव्हतं. त्या वर्षी माझ्या धाकट्या जाऊबाईंना गाठ निघाली आणि मला केमोच्या खोलीत बाजूच्या खुर्चीवर बसायची पाळी आली, तेव्हा वाचायला लागले. जाऊबाई नगरला सावेडीत राहतात. तपासणी नगरला, ऑपरेशन नगरला, केमो नगरला. सकाळी नऊला डबा घेऊन रिक्षातून जायचं, दुपारी चारला घरी चहाला. मुंबई नाही, कसारा नाही, कुणाच्या वळकटीचं ओझं नाही. दक्षिणेकडं जामखेड-कर्जतच्या लोकांना बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, आमच्या उत्तरेकडच्यांना लोणीचं हॉस्पिटल. हे वाचताना तरुणांना विशेष वाटणार नाही. मला वाटतं, आणि केमोच्या खोलीत ते दर वेळी वाटत होतं.

आधी ‘लाल औषध’ झालं. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे लालच म्हणतात. त्यानं केस गेले. नंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, बारा आठवडे. सलाईन लावण्याआधी सिस्टर ॲव्हिल, डेक्सा अशी इंजेक्शनं देतात. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, ‘रिॲक्शन येऊ नये म्हणून, काकू. औषधापेक्षा ते ज्यात विरघळवलंय त्याचीच भीती जास्त.’ आणि ते कशात विरघळवलंय? एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावणात! दर रविवारी नाक दाबून एरंडेल पाजणारी आमची आजी हे ऐकायला हवी होती. फडताळातली साल गेली, एरंडेल काही सुटलं नाही. त्याच द्रावणामुळं साध्या प्लास्टिकची सलाईनची नळीही चालत नाही, वेगळी लागते.

औषध पाण्यासारखं दिसतं. रंग नाही, वास नाही. पहिल्या डोसला डॉक्टर खुर्चीजवळ उभे होते, पुढं पुढं जाऊबाई त्यात झोपून जायच्या. त्रास नंतरचा. दोन दिवस अंग मोडून यायचं आणि बोटांना मुंग्या. आठव्या-नवव्या डोसपर्यंत बोटं इतकी बधिर झाली की ब्लाउजची हुकं लागेनात आणि दिवाळीला रांगोळीची चिमूट सुटेना. ‘ताई, तुम्ही ठिपके काढा, मी रंग भरते,’ म्हणाल्या. रंग सांडले. पण उलट्या? नाहीतच म्हणा. आईनं सांगितलेलं ते पातेलं मला एकदाही धरावं लागलं नाही.

खर्चाचं बोलायचं तर औषध नवं होतं तेव्हा शेतकऱ्याच्या घराला ते झेपणारं नव्हतंच. आता अनेक भारतीय कंपन्या ते बनवतात, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, त्यामुळं किमतीवर मर्यादा आहे. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केशरी-पिवळ्या कार्डावर केमो होते. होते, पण कागद पळवतात. आम्हालाही एका खिडकीवरून दुसरीवर पाठवलं गेलं. त्यातच जिल्ह्याचं नाव बदललं. फाइलच्या पहिल्या पानावर अहमदनगर, शेवटच्या रिपोर्टवर अहिल्यानगर. बोलताना मात्र सगळे ‘नगरला ट्रीटमेंट चालू आहे’ एवढंच म्हणत होते.

जुन्या दिवसांच्या आठवणी काढणारी माणसं शेवटी ‘तेव्हाचंच बरं होतं’ म्हणतात. या बाबतीत मी म्हणणार नाही. आजीच्या फडताळावर माझा जीव आहे, पण आत्याला त्या फडताळानं एक अख्खा पावसाळा गमवायला लावला. आज तेच फडताळ व्हॉट्सॲपवर आलंय. जाऊबाईंच्या फोनवर रोज काही ना काही: सदाफुलीची पानं चावा, अमुक सालीचा काढा घ्या, केमो म्हणजे विष. सदाफुलीतून खरोखरच कॅन्सरची औषधं निघाली आहेत, विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन, यात खोटं नाही. म्हणून दारातली पानं चावायची? मी जरा हिशेब केला. बारा किलो सालीचं अर्धा ग्रॅम, म्हणजे मध्यम बांध्याच्या बाईला आठवड्याच्या मात्रेनं कसेबसे चार डोस. बारा डोसांना पस्तीसेक किलो साल. तीही प्रयोगशाळेत शुद्ध केली तर. आणि यूचं झाड मुळात विषारी, पानं, बी, साल सगळंच. काढा करून प्यायला तर कॅन्सरच्या आधी माणूस जाईल. सालीत औषध असणं वेगळं आणि साल औषध असणं वेगळं, हे माझ्या आजीला कळलं नसतं, पण आपण शाळेत गेलोय.

एका गोष्टीत मात्र आजी शहाणी होती. साल काढायला गेली की खोडाच्या एका बाजूनं विळ्यानं तळहाताएवढा तुकडा काढायची. पुढच्या खेपेला दुसरं झाड. खोडाला सगळीकडून सोललं की झाड वाळतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. टॅक्सॉलची मागणी वाढली तेव्हा जगानं नेमकं तेच केलं. पॅसिफिक यूची वाढ अगदी संथ, आणि साल काढली की झाड मेलंच. अमेरिकेत त्यावरून पर्यावरणवाले आणि पेशंटांचे नातेवाईक आमनेसामने आले. यातून सुटका झाली ती फ्रान्सच्या पिएर पोतिए आणि अमेरिकेच्या रॉबर्ट होल्टन यांच्यामुळं. युरोपातल्या यूच्या पानांतून एक जवळचं द्रव्य काढायचं आणि पुढचं काम प्रयोगशाळेत करायचं. पानं पुन्हा फुटतात, झाड जगतं. पोतिए यांना त्याच वाटेवर डोसेटॅक्सेल हे भावंड-औषधही मिळालं. आता तर यूच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवूनही पॅक्लिटॅक्सेल काढतात, झाडाला हात लावावा लागत नाही.

पण ही अक्कल येईपर्यंत हिमालयातल्या यूची, गढवालमध्ये ज्याला थुनेर म्हणतात त्याची, बेसुमार तोड झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९५ साली निर्बंध आले तरी ते झाड आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे. आणि आपला सह्याद्री? वॉल आणि वाणींचं ते दुसरं द्रव्य, कॅम्प्टोथेसिन, चिनी झाडापेक्षाही जास्त प्रमाणात आपल्या नरक्या या झाडात आहे हे १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिलं. परळपासून तासाभराच्या अंतरावर झालेलं हे संशोधन! कॅम्प्टोथेसिनपासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं निघतात, आतड्याच्या, अंडाशयाच्या कॅन्सरवर वापरतात. दुर्गंधीमुळं ज्याच्याकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं ते नरक्याचं झाड एकाएकी सोन्याच्या मोलाचं झालं. कोयना-पाटणपासून आंबोली-चंदगडपर्यंत झाडं मुळासकट उपटून, तुकडे करून, पोत्यांत भरून ट्रक गेले. वनखात्यानं पकडलेल्या नरक्याच्या बातम्या अजून येतात. नंदुरबारच्या माणसानं शोधलेलं, गोरेगावात आपल्या झाडात ओळखलेलं औषध, आणि आपण केलं काय, तर झाड चोरून विकलं. याला आजीच्या भाषेत एक शब्द आहे, तो इथं लिहिता येणार नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हाची बरी होती, लालबागची वळकटी. जाऊबाईंच्या केमोच्या खोलीत शेवगाव-पाथर्डीकडून एकटीच येणारी एक बाई असायची. मुलगा पुण्याला, नवरा ऊसतोडीला. सलाईन चालू असताना तिला बाथरूमला जायचं असलं की मी बाटली धरून जायचे. नगरमध्ये तिचे पाहुणे होते, पण ‘त्यांना कशाला सांगायचं’ म्हणायची. रोगाचं नाव आता सगळे घेतात, कॅन्सर म्हणतात, स्टेजसुद्धा सांगतात. लपवणं मात्र संपलेलं नाही. पूर्वी रोग लपवायचे, आता अडचण लपवतात.

बार्शीत १९८७ साली देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथली माणसं गावोगाव फिरून बायकांशी बोलायची, लक्षणं समजावून सांगायची. तसं बोलणारं कुणी १९७८ साली आमच्या गावात आलं असतं तर, हा विचार मी करत बसत नाही. आज आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या बायकांची स्तनांची, तोंडाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी फुकट होते. आशाताई घरी येऊन बोलावतात. त्यांना ‘शेतात काम आहे’ म्हणून परत पाठवू नका. न दुखणारी गाठ असली तर त्याच आठवड्यात दाखवा, केशरी कार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा. आणि तुम्ही नगरला, लोणीला, बार्शीला राहत असाल आणि गावाकडचं कुणी केमोला येतंय असं कानावर आलं, तर त्यांनी कळवायची वाट पाहू नका. डबा घेऊन जा.